पट, डाव आणि विसावा : भिवंडीच्या निमित्ताने विरंगुळ्याच्या खेळांचा इतिहास

व्हिडिओ गेम ह्या विषयावर आजवर जे अभ्यासपूर्ण लेखन झाले, त्याचा फार मोठा भाग दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिला आहे. ह्या खेळांमुळे मुले हिंसक बनतात काय, हा एक. आणि ह्या खेळांचे व्यसन जडते काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत हे खरेच. परंतु त्यांच्या गर्दीत एक साधी वस्तुस्थिती दृष्टीआड झाली. असंख्य माणसे हे खेळ कोणावर मात करण्यासाठी खेळत नाहीत. दिवसभराचा शीण उतरावा, मन घटकाभर दुसरीकडे वळावे, एवढ्याच हेतूने ती खेळतात. अशा खेळांना इंग्रजीत अलीकडे 'कोझी गेम' असे नाव मिळाले असून त्यांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जाऊ लागला आहे. हा वर्ग सर्वस्वी नवा आहे, की जुन्याच वृत्तीला मिळालेले हे नवे साधन आहे, ह्याचा विचार इतिहासाच्या आणि भाषेच्या आधाराने करणे हा ह्या लेखाचा हेतू होय.

ह्या विचारासाठी भिवंडीचे उदाहरण निवडण्यास कारण आहे. ठाणे जिल्ह्यातील हे शहर यंत्रमागांवर जगते. तेथील मागांची संख्या लाखोंच्या घरात गेलेली आहे, आणि हे माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत अहोरात्र चालत आलेले आहेत. ज्या गावात यंत्र थांबणे म्हणजे मजुरी थांबणे, त्या गावात विसावा हा शोभेचा विषय राहत नाही. तो कोणाला, केव्हा आणि किती मिळतो, ह्यावर खेळाचे स्वरूप अवलंबून राहते. सुखवस्तू घरातील दिवाणखान्यावरून विरंगुळ्याचा इतिहास लिहिला तर तो एका प्रकारचा होतो. मागाच्या खडखडाटाशेजारी लिहिला तर दुसऱ्या प्रकारचा.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. आज मराठीत 'विनोद' म्हणजे हसविणारी उक्ती. संस्कृतात मात्र 'वि + नुद्' ह्यापासून सिद्ध झालेल्या ह्या शब्दाचा अर्थ 'दूर सारणे, घालवून देणे' असा होता. जे चिंता किंवा थकवा दूर सारते ते विनोद. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ह्या ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. त्यातील चौथा भाग विनोदांना व पाचवा क्रीडांना वाहिलेला आहे. राजाने राज्य कसे मिळवावे व टिकवावे हे सांगून झाल्यावर त्याने मन कसे रमवावे हेही शास्त्र म्हणून सांगितले पाहिजे, अशी ही दृष्टी आहे. मराठीच्या प्राचीन अवशेषांसाठी हा ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांस परिचित असतो. त्याच्या ह्या दुसऱ्या अंगाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

'करमणे' ह्या क्रियापदाचे वर्तन तर अधिकच बोलके आहे. 'तिने पट मांडला' ह्या वाक्यात कर्ता तृतीयेत आहे व क्रियापद कर्माप्रमाणे चालते. 'ती सोंगट्या खेळली' ह्यात कर्म असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. शिकणे, विसरणे इत्यादी मोजक्या धातूंच्या पंक्तीत 'खेळणे' बसते, आणि ह्या पंक्तीतील बहुतेक क्रियांचा परिणाम करणाऱ्यावरच होतो. 'तिला करमले' ह्यात मात्र जिचा अनुभव आहे ती चतुर्थीत जाते. म्हणजे पट मांडणे हे हातचे काम, खेळणे हे स्वतःतच घडणारे काम, आणि करमणे हे तर मुळी आपण करीतच नाही. ते आपल्याला होते किंवा होत नाही. व्याकरणातून मानसशास्त्र काढण्याचा मोह टाळला पाहिजे हे मान्य करूनही एवढे म्हणावयास हरकत नाही की, खेळ खेळूनही न करमण्याची शक्यता मराठी वाक्यरचनेने मोकळी ठेवली आहे. ही शक्यता पुढे उपयोगी पडणार आहे.

'कोझी' ह्या इंग्रजी शब्दाला 'ऊबदार' हा प्रतिशब्द काहींनी योजिला आहे. तो शब्दशः बरोबर असला तरी चुकीच्या हवामानातला आहे. ज्या देशात बाहेर बर्फ पडते तेथे सुख म्हणजे शेगडीजवळची ऊब. मराठीत सुखाचे शब्द उलट दिशेने जातात. जीव थंड होतो, डोळे निवतात, मनाला गारवा मिळतो, माणूस सावलीत विसावतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली माग चालविणाऱ्या माणसाला ऊबदार खेळ देऊ करणे हा जरा क्रूर विनोद ठरेल (येथे विनोद आधुनिक अर्थाने). 'विसाव्याचे खेळ' ही संज्ञा अधिक योग्य असून पुढे तीच वापरली आहे.

आता पटाकडे येऊ. संस्कृतात 'पट' म्हणजे वस्त्र. सारीपाटाचा पट मुळात चार भुजांचा कापडी असे. गुंडाळून ठेवता येई, प्रवासात नेता येई आणि कोठेही पसरता येई. सापशिडीचा पूर्वज असलेला व परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जाणारा 'मोक्षपट' हाही पटच. पुढे बुद्धिबळाच्या लाकडी फळीलाही पट म्हणू लागले आणि विसाव्या शतकात 'चित्रपट' ह्या शब्दात त्याने नवा संसार थाटला. फारसीतून आलेल्या 'पडदा' ह्या शब्दाची कथाही हीच. तोही कापडच, आणि आज भ्रमणध्वनीच्या काचेलाही आपण पडदाच म्हणतो. विणकरांच्या गावी खेळाचा इतिहास वस्त्रवाचक शब्दांपासून सुरू करावा लागतो, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

सारीपाटाने मराठी भाषेला जे दिले ते आजही बोलीत जिवंत आहे. मनासारखे दान पडते, फासे उलटे पडतात, डाव साधतो किंवा अंगलट येतो, एखादा माणूस दुसऱ्याच्या पटावरची सोंगटी होतो. चोराने 'पोबारा' केला असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन फाशांचे एक दान दडलेले असते : सहा आणि सहा मिळून बारा, व 'पौ' म्हणजे एक. हिंदीत 'पौ बारह' होणे म्हणजे भाग्य उजळणे. मराठीत मात्र त्याचा अर्थ पळून जाणे असा झाला. एका मोठ्या दानासरशी सोंगटी शत्रूच्या टप्प्यातून निसटते, ह्या दृश्यावरून हा अर्थ रूढ झाला असावा.

ह्या पटाभोवती प्रारंभापासून दोन परस्परविरोधी परंपरा वावरत आल्या आहेत. एक परंपरा पणाची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून महाभारतातील द्यूतसभेपर्यंत तिचा धाक पसरलेला आहे. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करावयास सांगितले. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने द्यूत बंद न करता द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी आणावयास सांगितले व जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच भाग राज्यासाठी घेण्याची तरतूद केली. दुसरी परंपरा विरंगुळ्याची. वेरूळच्या चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यांत शिवपार्वती अक्षक्रीडा करीत बसलेली दिसतात व खाली गणांनी नंदीला सतावून सोडले आहे. हे दृश्य नीतिबोधाचे नाही. घरातल्या दुपारचे आहे. खंडोबा व म्हाळसा ह्यांच्या सारीपाटाची लोककथा ह्या दोन्ही परंपरांच्या सीमेवर उभी आहे. देव-देवी मन रमविण्यासाठी पट मांडतात; परंतु पण लावला जातो, देव डाव हरतो आणि बारा वर्षांसाठी घर सोडून बाणाईच्या मेंढ्या राखावयास जातो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला 'द्यूतप्रतिपदा' हे नाव देऊन समाजाने ह्या दोन्ही परंपरांत वर्षातून एका दिवसाची तडजोड करून ठेवली.

पणाशिवायच्या खेळांचा शोध घेताना विद्वानांचे लक्ष पट, गंजिफा, बुद्धिबळ ह्यांवरच खिळते आणि मराठी घरातील सर्वांत निरुपद्रवी खेळ निसटून जातो. तो म्हणजे भातुकली. लहानशी भांडी, खोटा स्वयंपाक, खोटे पाहुणे. जय नाही, पराजय नाही, पण नाही, गुण नाहीत, आणि संपण्याची ठरलेली वेळही नाही. आईने हाक मारली की खेळ संपला. हा मुलींचा खेळ मानला गेल्यामुळे त्याची गणना गंभीर खेळांत कधी झाली नाही. विसाव्याच्या व्हिडिओ गेमचा अर्धा वंशवृक्ष मात्र येथे सापडतो, हे पुढे दिसेल.

सारीपाटाचे नंतरचे चरित्र थोडक्यात असे. पचीसीची एक सोपी आवृत्ती १८९६ साली इंग्लंडात 'लुडो' ह्या नावाने पेटंट झाली. कवड्यांच्या व लांबट फाशांच्या जागी एक चौकोनी फासा आला, नियम कमी झाले. 'लुडो' हे लॅटिन क्रियापद असून त्याचा अर्थ 'मी खेळतो' असा होतो. एकाच शब्दात कर्ता, एकवचन आणि वर्तमानकाळ. पुढे हाच खेळ पुठ्ठ्यावर छापून, मागील बाजूस सापशिडी घेऊन, हिंदुस्थानात परतला. आपल्याच घरचे दोन पट एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना चिकटून परक्या नावांनी परत आले आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही.

खेळाला साधन लागते तसा वेळही लागतो, आणि वेळेचा इतिहास साधनांच्या इतिहासापेक्षा कमी लिहिला गेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या चळवळीस यश येऊन १० जून १८९० रोजी कामगारांची आठवड्याची रविवारची सुटी मान्य झाली. त्याच १८९० साली हरि नारायण आपटे ह्यांचे 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू झाले. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. एकीचा वाचक व दुसरीचा लाभार्थी बहुधा एकमेकांस ओळखतही नव्हते. परंतु मोकळा वेळ मागून घेण्याची आणि तो भरून काढण्याची गरज एकाच शहरवस्तीत एकाच वर्षी स्पष्ट शब्दांत उमटली, हे विसरण्याजोगे नाही. पुढे १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने जे मंडळ स्थापन झाले, त्याच्या केंद्रांतून कामगारांसाठी वाचनालये व खेळांच्या सोयी झाल्या. कॅरमचा पट ही त्या काळातील कामगारवस्तीची ओळख बनली.

भिवंडीचा कामगार ह्या व्यवस्थेच्या कडेवर राहिला. येथील विणकामाला जुनी परंपरा असून उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी तिला मोठा हातभार लावला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतील कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले. पण गिरणी आणि माग ह्यांत एक मूलभूत अंतर होते. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असतील तर लागू होत असे व दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घालीत असे. लहान लहान घटकांत विभागलेल्या मागांना ती मर्यादा फारशी जाचली नाही. मजुरी विणलेल्या कापडावर, पाळी बारा तासांची. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला, कुटुंब गावी ठेवलेला पुरुष पाळी संपली की खाणावळीत जेवतो आणि ज्या खोलीत दुसऱ्या पाळीची माणसे नुकतीच उठून गेली आहेत त्या खोलीत झोपतो. आठवड्यातून शुक्रवारी माग थांबतात. त्याच्या करमणुकीचा विचार करताना हे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट विजेची. २००७ च्या जानेवारीत भिवंडीचे वीजवितरण टोरेंट कंपनीकडे गेले. त्यापूर्वी भारनियमनाने शहर त्रस्त होते. वीज गेली की माग थांबे आणि माणूस रिकामा होई. परंतु त्याच क्षणी दूरदर्शन संचही बंद पडे. म्हणजे विजेवर चालणारा कोणताही खेळ नेमका सक्तीच्या फुरसतीत निरुपयोगी ठरे. पत्ते आणि कॅरम टिकले ते केवळ सवयीने नव्हे. त्यांना वीज लागत नव्हती. भ्रमणध्वनी आला आणि त्यातील साठविलेल्या विजेने खेळाची मागापासून प्रथमच फारकत केली.

व्हिडिओ गेमचा आरंभ विसाव्याला अनुकूल नव्हता. १९७२ चा 'पाँग', १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' हे सार्वजनिक जागी नाणे टाकून खेळावयाचे खेळ होते. तेथे खेळणाऱ्याचे लवकर हरणे हेच यंत्रमालकाचे उत्पन्न. तेव्हा खेळ उत्तरोत्तर अवघड होत जाणे हा त्याच्या रचनेचा भाग होता. आपल्याकडील पार्लरांतही हिशेब नाण्याचा किंवा तासाचा होता. महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्यान्वये आकारले जाणारे करमणूक शुल्क अशा पार्लरांनाही लागू झाले. १ जुलै २०१७ पासून ते वस्तू व सेवा करात विलीन झाले. मनाच्या अवस्थेसाठी असलेला 'करमणूक' हा शब्द सरकारी पावतीवर असा पाऊण शतकाहून अधिक काळ वावरला. १९९० नंतरच्या दशकात निन्टेंडोच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या स्वस्त नकला घरोघरी आल्या आणि एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची जाहिरात होऊ लागली. मोजके खेळ फिरून फिरून नव्या क्रमांकाने येत, हे मुलांच्या लवकरच लक्षात येई.

खेळ घरी आला तेव्हा नाण्याचा तगादा सुटला, आणि विसाव्याचा खेळ शक्य झाला. ह्या बदलाच्या खुणा तीन ठिकाणी दिसतात. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव ह्यांनी रचलेला 'टेट्रिस' हा खेळ कधी जिंकता येत नाही; तो फक्त लांबविता येतो. वरून पडणारे तुकडे नीट बसविणे हे काम धान्य निवडण्याच्या जातीचे आहे. १९९० मध्ये विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर 'सॉलिटेअर' आला. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याची सवय लोकांना व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता. कचेऱ्यांतून तो हेतू अपेक्षेपेक्षा फारच चांगला सफल झाला. एकट्याने पत्ते लावीत बसण्याची जुनी सवय येथे तशीच उतरली. आणि १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० ह्या फोनमध्ये 'स्नेक' आला. आपल्या देशातील लाखो लोकांचा व्हिडिओ गेमशी पहिला परिचय ह्या काळ्या ठिपक्यांच्या सापाने करून दिला. हा सर्व पटाचा वंश होय : चौकटी, सोंगट्या, डाव, पुन्हा डाव.

भातुकलीचा वंश जपानात वाढला. १९९६ मध्ये यासुहिरो वादा ह्यांचा 'बोकुजो मोनोगातारी', पश्चिमेकडील 'हार्वेस्ट मून', प्रसिद्ध झाला. त्यात शत्रूला मारावयाचे नसून शेत राखावयाचे, गुरांना वैरण घालावयाची आणि गावच्या लोकांशी बोलावयाचे. वादा स्वतः खेड्यातून शहरात आलेले. २००१ मध्ये निन्टेंडोच्या कात्सुया एगुची ह्यांचा 'अॅनिमल क्रॉसिंग' निघाला. चिबाहून क्योटोला नोकरीसाठी आल्यावर आपण कुटुंबापासून व मित्रांपासून तुटलो, त्यांच्या सहवासाची किंमत तेव्हा कळली आणि ते जवळ असणे पुन्हा उभे करता येईल काय, ह्या विचारातून हा खेळ सुचला, असे त्यांनी सांगितले आहे. घर मांडावे, शेजारी यावेत, पत्रे यावीत. घड्याळ खऱ्या घड्याळाप्रमाणेच चालावे. २०१६ मध्ये एरिक बॅरोन ह्या अमेरिकन तरुणाने चारेक वर्षे एकट्याने खपून तयार केलेला 'स्टारड्यू व्हॅली' कचेरीतील कंटाळवाण्या नोकरीपासून सुरू होतो आणि आजोबांच्या शेतावर जातो. विसाव्याच्या खेळांतील हे प्रमुख ग्रंथ म्हटले तर त्यांचा विषय एकच आहे : गाव सोडून आलेला माणूस. टोकियो, क्योटो किंवा सिअॅटल येथे बसून रचलेली ही कल्पना भिवंडीच्या खोलीतील माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. तथापि ह्या खेळांना लागणारे यंत्र त्याच्याजवळ नसते, आणि खेळांची भाषाही त्याची नाही. शेत सोडून आलेल्याला खोटे शेत करमेल, की खऱ्या शेताच्या आठवणीने अधिकच करमेनासे होईल, हाही प्रश्न आहे. २००९ ते २०२० ह्या काळात फेसबुकवर चाललेला 'फार्मव्हिल' आपल्याकडे लोकप्रिय झाला, तो मुख्यतः ज्यांच्या हाताला माती लागली नव्हती अशा शहरी वर्गात.

भिवंडीसारख्या गावापर्यंत पोहोचला तो जुना पट. २०१६ हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी नवी मुंबईतील गेमेशन ह्या कंपनीने विकास जयस्वाल ह्यांच्या नेतृत्वाखाली 'लुडो किंग' बाजारात आणला. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि रोखीवर चालणारे भिवंडीचे माग अडखळले. फोन हातात, इंटरनेट फुकटासारखे आणि हाताला काम कमी, अशी ही स्थिती. (ज्या गोदामांतून हे फोन मुंबईच्या ग्राहकांकडे जातात, त्यांतील कित्येक भिवंडी तालुक्यातच आहेत.) पचीसी इंग्लंडात जाऊन लुडो झाली व पुठ्ठ्यावर परतली, ती आता ठाण्याच्या खाडीपलीकडून काचेवर आली. नाव लॅटिन आणि इंग्रजी. खेळताना निघणारे शब्द मात्र जुनेच. हिंदीत गोटी कटते, पक्की होते; मराठीत सोंगटी मरते, घरात जाते.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच्या पाचच दिवस आधी, २० मार्चला, 'अॅनिमल क्रॉसिंग'ची नवी आवृत्ती जगभर प्रसिद्ध झाली होती आणि घरात अडकलेल्या पाश्चात्त्य मध्यमवर्गाने तिच्यात आसरा घेतला. आपल्याकडे ती जागा लुडोने घेतली; 'लुडो किंग'च्या डाउनलोडची संख्या पुढे ५० कोटींपलीकडे गेली. त्याच दिवसांत दूरदर्शनवर 'महाभारत' मालिकेचे पुनःप्रक्षेपण सुरू होते. एका पडद्यावर युधिष्ठिर फासे टाकीत आहे आणि दुसऱ्या पडद्यावर घरातील चौघे लुडोत दंग आहेत, असे दृश्य त्या एप्रिलमध्ये विरळ नव्हते. पणाची आणि विरंगुळ्याची अशा दोन्ही परंपरा एका खोलीत आल्या होत्या.

भिवंडीत त्या वेळी माग थांबले होते. शहराला एरवी कधी न लाभणारी शांतता लाभली आणि मजुरी बंद झाली. हजारो कामगार गावी जाण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले. मे महिन्याच्या प्रारंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली, पण त्यापूर्वीच कित्येक पायी निघाले होते. ह्या चाळीस दिवसांत खेळावयास वेळच वेळ होता. येथेच 'करमणे' ह्या क्रियापदाने मोकळी ठेवलेली जागा उपयोगी पडते. वेळ मिळणे आणि विसावा मिळणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत. विसावा म्हणजे कामाच्या दोन पाळ्यांमधली जागा. दुसरी पाळी येणार आहे ही खात्री नसेल तर ती जागाच नाहीशी होते. रिकामपण उरते, आणि रिकामपणात माणूस खेळतो ते मन रमावे म्हणून नव्हे, वेळ जात नाही म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंगी एकच दृश्य दिसते : खाली घातलेली मान आणि फिरणारा फासा. डाउनलोडच्या आकड्यांतून हा भेद कळत नाही. विसाव्याच्या खेळांवरील बऱ्याच पाश्चात्त्य लेखनात टाळेबंदीचा काळ ह्या खेळांचा सुवर्णकाळ म्हणून वर्णिला जातो. ते वर्णन ज्यांचे वेतन चालू होते त्यांच्यापुरतेच खरे आहे.

रिकामपणाचा लाभ पणाच्या परंपरेने घेतला नसता तरच नवल. पैसे लावून खेळण्याच्या लुडोची अनेक अॅप्स निघाली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका याचिकेद्वारे अशा खेळाला नशिबाचा खेळ ठरवून १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली आणण्याची मागणी झाली. याचिकेतील उदाहरणानुसार चौघांनी पाच-पाच रुपये लावावयाचे, जिंकणाऱ्यास सतरा मिळावयाचे व तीन रुपये अॅपने ठेवावयाचे. म्हणजे एकूण पणावर शेकडा पंधरा. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यावर पाचावर समाधानी होता. १८८७ चा कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट देतो. त्यामुळे लुडोत कौशल्य किती व फासा किती हा वाद न्यायालयात रंगला. सारीपाट खेळणाऱ्या कोणत्याही म्हातारीने दोन्ही लागते असे सांगितले असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा संमत केला व २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्याने कौशल्य की नशीब हा जुना प्रश्न बाजूस ठेवला आणि पण हीच कसोटी मानली. पैशाचा खेळ निषिद्ध, मग तो कौशल्याचा असो वा फाशाचा. ई-स्पोर्ट आणि 'ऑनलाइन सोशल गेम' ह्यांना मात्र मान्यता. मनरंजनासाठी, पणाशिवाय खेळल्या जाणाऱ्या खेळाचा एक वर्ग अशा रीतीने ह्या देशाच्या कायद्यात प्रथमच स्वतःच्या नावाने नोंदला गेला. नाव पुरेसे नेमके नाही. 'सोशल' म्हणजे सामाजिक म्हटले तर एकट्याने पत्ते लावणारा त्यात कोठे बसतो, हे स्पष्ट होत नाही. 'विनोद' ह्या शब्दाचा जुना अर्थ हयात असता तर मराठी भाषांतरकाराचे काम सोपे झाले असते.

'लुडो किंग'मध्ये इंटरनेट नसतानाही एकाच फोनवर चौघांना आळीपाळीने खेळता येते. त्यासाठी फोन कोणा एकाच्या हातात राहून चालत नाही. चौघांना चारी घरे दिसावीत म्हणून तो मध्ये, जमिनीवर, आडवा ठेवावा लागतो.